'लिहिले आहे' आणि 'विधिलिखित' : ख्रिस्ती विचारातील पूर्वनियोजन व मानवी निवड

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे अध्यापन करताना एक अडचण वारंवार उपस्थित होते. शुभवर्तमानांत, येशूच्या जीवनातील घटना सांगताना, त्या घटना 'लिहिलेल्या' होत्या असा निर्देश ठिकठिकाणी येतो. मराठी वाचकाच्या मनात 'लिहिलेले' या शब्दाला जोडून जे पहिले चित्र उभे राहते ते मात्र शास्त्रग्रंथाचे नसून कपाळाचे असते. 'लिहिलेले टळत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा विधात्याने, किंवा घरगुती समजुतीप्रमाणे सटवाईने, सहाव्या रात्री बाळाच्या ललाटावर ओढलेल्या अक्षरांचा निर्देश करीत असतो. परिणामी वधस्तंभाची कथा विधिलिखिताची कथा म्हणून वाचली जाते, यहूदा इस्कर्योत हा दैवाचा बळी ठरतो आणि विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'ख्रिस्ती धर्मातील नियतिवाद' असे शीर्षक बिनदिक्कत देऊन मोकळा होतो. हा गोंधळ मुळात भाषेचा आहे आणि म्हणूनच त्याची उकल करणे हे भाषेच्या व साहित्याच्या अभ्यासकाचेही काम आहे, अशी प्रस्तुत लेखामागील भूमिका आहे.

प्रथम आपल्या शब्दांकडे पाहणे अगत्याचे आहे. 'दैव', 'प्रारब्ध', 'नियती' आणि 'नशीब' हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी येत असले, तरी त्यांची कुळे भिन्न आहेत. 'दैव' हा शब्द 'देव' या शब्दापासून साधलेला. पण मराठीत तो देवापासून इतका दूर गेला की 'देवाने दिले पण दैवाने नेले' असे दोघांना परस्परविरोधी कर्ते मानणारे वाक्यही कोणास खटकत नाही. 'नशीब' हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'वाटा' असा आहे, आणि ग्रीकांच्या 'मोइरा' या दैववाचक शब्दाचाही मूळ अर्थ तोच. 'प्रारब्ध' मात्र वेगळ्या जातीचे आहे. संचितापैकी ज्याचे फळ मिळण्यास आरंभ झाला आहे ते प्रारब्ध. म्हणजे ते ज्याचे त्यानेच पूर्वी केलेले असते आणि त्याच्या जोडीला आज घडणारे क्रियमाण मोकळे असते. कर्मसिद्धान्ताला सरसकट दैववाद म्हणणे हे या कारणाने चुकीचे आहे. तो सिद्धान्त निवडीला नाकारीत नाही. उलट तो निवडीचा हिशेब अनेक जन्मांवर पसरवितो. ख्रिस्ती विचाराशी त्याचा खरा भेद निराळ्याच ठिकाणी आहे. कर्मविचारात कर्म आणि फळ यांचे नाते नियमाचे असते. ख्रिस्ती विचारात त्या जागी दोन इच्छांचे, म्हणजे देवाच्या आणि मनुष्याच्या इच्छेचे, नाते असते.

बायबलला दैवाची कल्पना अपरिचित नव्हती. यशयाच्या ग्रंथातील पासष्टाव्या अध्यायात 'गाद' आणि 'मनी' या दोन दैवतांसाठी भोजन मांडणाऱ्या लोकांची निर्भर्त्सना आहे. यांपैकी पहिले सुदैवाचे दैवत, तर दुसरे वाट्याचे. नव्या कराराच्या काळी ग्रीक जगात तर स्टोइकांच्या 'हैमारमेने' या नियतिवाचक संज्ञेचा सर्वत्र प्रसार झालेला होता. असे असता नव्या करारात 'हैमारमेने' वा 'मोइरा' यांपैकी एकही शब्द येत नाही, हे लक्षणीय आहे. त्यांच्याऐवजी 'प्रोओरिझो' हे क्रियापद सहा वेळा येते : एकदा प्रेषितांच्या कृत्यांत आणि उरलेले पाच वेळा पौलाच्या नावे असलेल्या पत्रांत. 'होरोस' म्हणजे सीमा. 'आधी सीमा आखणे' हा या क्रियापदाचा मूळ अर्थ. आपल्या भाषांतरांनी येथे 'नेमणे' या धातूचा आधार घेतला आहे आणि तो मला अत्यंत समर्पक वाटतो. 'नेम' आणि 'नियती' यांचे संस्कृत मूळ एकच असले, तरी व्याकरणाने त्यांच्या वाटा वेगळ्या केल्या आहेत. नियती ओढवते, तिला कर्ता लागत नाही. नेमणूक मात्र कोणीतरी कोणालातरी कशासाठीतरी करतो. पौलाच्या लेखनात या शब्दाला हेतूची जोड असते. नेमले जाते ते पुत्राच्या स्वरूपाशी सारखे होण्यासाठी, दत्तकपणासाठी. कोणास कोणता अपघात व्हावा किंवा कोणाचे लग्न कोठे जमावे याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही.

या विषयाची खरी कसोटी यहूदाच्या कथेत लागते, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू एकाच विधानात दोन गोष्टी सांगतो : मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणे जाणारच आहे, परंतु ज्याच्या हातून तो धरून दिला जाईल त्या माणसाची अवस्था मात्र भयंकर आहे. विधिलिखिताच्या चौकटीत हे विधान अन्यायाचे ठरते. लिहिलेले होते, तर लिहिल्याप्रमाणे वागणाऱ्याला दोष का? ही शंका वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतो आणि ती योग्यच आहे.

उत्तराची एक दिशा मूळ ग्रीक क्रियापदात सापडते. यहूदाच्या कृत्यासाठी शुभवर्तमाने 'पारादिदोमी', म्हणजे 'हाती सोपविणे', हे क्रियापद वापरतात. मुख्य याजक येशूला पिलाताच्या हाती सोपवितात तेव्हा मार्क तेच क्रियापद योजतो आणि पिलात त्याला वधस्तंभासाठी सोपवितो तेव्हाही तेच. पुढे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात देवाने आपल्या पुत्राला सर्वांसाठी दिले असे पौल म्हणतो; तेथेही क्रियापद हेच आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तर पुत्रच स्वतःला सोपवितो. एकच क्रिया, कर्ते मात्र यहूदा, याजक, पिलात, पिता आणि पुत्र स्वतः. मराठीत यहूदापुरते 'धरून देणे' रूढ झाले, इतरत्र 'स्वाधीन करणे' किंवा नुसते 'देणे' आले, आणि एका सूत्रात ओवलेले मणी सुटे झाले. भाषांतरकारांना यासाठी दोष देण्याचे कारण नाही, कारण मराठीत एकच शब्द सर्वत्र चालला नसता. मात्र मूळ रचनेत जे सुचविले आहे ते असे, की एकाच घटनेत अनेक इच्छा कार्य करीत असतात आणि प्रत्येकीचा हेतू निराळा असतो. यहूदा तीस रुप्यांसाठी देतो, पिलात जमावाला खूश करण्यासाठी देतो आणि पिता प्रेमाने देतो. घटना एक असल्याने हेतू एक होत नाहीत, आणि दोष अथवा श्रेय हे हेतूला चिकटते. उत्पत्तीच्या अखेरच्या अध्यायात योसेफ आपल्या भावांना हेच सांगतो : तुमच्या मनात वाईट होते, देवाच्या मनात चांगले होते. भावांचे कृत्य त्यामुळे चांगले ठरत नाही.

दुसरी दिशा कथेच्या मांडणीतच आहे. त्याच रात्री येशूने दोन भाकिते केली. एक शिष्य मला धरून देईल हे पहिले. पेत्र मला तीनदा नाकारील हे दुसरे. दोन्ही खरी ठरली. भाकीत म्हणजे विधिलिखित असते, तर दोघांची गती एकच व्हावयास हवी होती. पण पेत्र बाहेर जाऊन रडला आणि परत आला. यहूदाने, मत्तयाच्या निवेदनानुसार, पैसे मंदिरात फेकले, आपण निर्दोष रक्ताचा घात केला अशी कबुलीही दिली आणि मग गळफास घेतला. पश्चात्ताप दोघांनाही झाला. भाकिताने पतन सांगितले होते. पतनानंतर कोणी कोठे जावे हे सांगितले नव्हते. मानवी निवडीची जागा ती उरलेली वाट आहे, आणि शुभवर्तमानकारांनी ती मोकळी ठेवली आहे.

तिसरी गोष्ट गेथशेमाने बागेतील. मत्तयाच्या कथेत येशू म्हणतो, की मी मागितले तर पिता बारा सैन्यांहून अधिक देवदूत धाडील. पण मग शास्त्रलेख पूर्ण कसे होतील? हा प्रश्न विधिलिखिताच्या कथेत कोणीही विचारणार नाही, कारण तेथे टाळण्याची शक्यताच नसते. ज्याच्याविषयी सर्व काही लिहिलेले आहे तोच येथे ते नाकारण्याचा पर्याय समोर ठेवतो, आधी प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो आणि नंतर तो स्वीकारतो. 'लिहिलेले' हे येथे वचन आहे, आणि वचन कोणीतरी पाळावे लागते. विधिलिखित पाळण्याची गरज नसते.

यहूदाची जागा रिकामी झाल्यावर शिष्यांनी ती कशी भरली, हेही पाहण्यासारखे आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात ते आधी पात्रतेचा निकष ठरवितात, दोन नावे निवडतात, प्रार्थना करतात आणि मग चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघते. आपण जिला योगायोग म्हणतो ती चिठ्ठी येथे मानवी विचाराच्या शेवटी येते, त्याच्याऐवजी येत नाही. पुढे नव्या करारात चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतल्याचा प्रसंग पुन्हा येत नाही.

अशा वाचनाला दोन स्थळे अडचणीची आहेत आणि ती झाकून चालणार नाही. निर्गमात देव फारोचे मन कठीण करतो, आणि रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात कुंभार एकाच गोळ्यातून मानाचे व हलक्या कामाचे असे दोन्ही घट घडवितो. फारोच्या बाबतीत कथेचा क्रम लक्षात घ्यावा. पहिल्या पाच पीडांत मन कठीण होते वा फारो ते कठीण करतो. देवाने ते कठीण केले असा स्पष्ट उल्लेख पीडांच्या प्रत्यक्ष निवेदनात सहाव्या पीडेपासून येतो, जरी तसे होणार हे देवाने आधीच सांगून ठेवलेले आहे. कुंभाराची प्रतिमा पौलाला यिर्मयाकडून मिळालेली दिसते, आणि यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातील कुंभार बिघडलेला घट मोडून त्याच मातीचा दुसरा घडवितो. राष्ट्र वळले तर देवही आपला बेत बदलील, असा त्या दृष्टान्ताचा रोख आहे. शिवाय रोमकरांस पत्राचे नऊ ते अकरा हे अध्याय इस्राएल व परराष्ट्रीय यांच्या इतिहासाविषयी आहेत. एवढे सांगूनही नवव्या अध्यायाची धार पूर्णपणे बोथट होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्या धारेवरूनच ख्रिस्ती मंडळीत पुढे शतकानुशतके वाद झाला.

त्या वादाचा सर्व इतिहास येथे अभिप्रेत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियसने मनुष्य स्वतःच्या इच्छाबळाने धर्माचरण करू शकतो असे प्रतिपादिले, तेव्हा ऑगस्टीनने इच्छाच रोगग्रस्त असल्याचे सांगून कृपेचे अग्रत्व मांडले. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचे मत अमान्य केले. परंतु ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने, कोणी दुष्टतेसाठी देवाकडून नेमला जातो हे मतही तितक्याच स्पष्टपणे धिक्कारले. ऑगस्टीनचा उत्तरार्ध तेवढा वाचणारे अभ्यासक ही दुसरी बाजू विसरतात.

देवाला पुढचे ठाऊक असेल तर मनुष्य मोकळा कसा, या प्रश्नाला बोएथियसने ५२४ च्या सुमारास तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत जे उत्तर लिहिले ते आजही सर्वांत सुबोध आहे. देव भविष्य 'आधी' पाहत नाही. त्याला सर्व काळ एकदम वर्तमान असतो. दिवे घाटाच्या माथ्यावर उभ्या असलेल्याला खालून चढणारी पालखी, मागची दिंडी आणि पुढचे वळण एका दृष्टिक्षेपात दिसते; त्याच्या पाहण्याने वारकऱ्याचे पाऊल उचलले जात नाही. दृष्टान्त माझा आहे, विचार बोएथियसचा. त्यात उणीव एवढीच, की घाटावरचा प्रेक्षक केवळ प्रेक्षक असतो आणि ख्रिस्ती देव तसा नाही. ती उणीव टॉमस अक्विनासने भरून काढण्याचा यत्न केला : देव हा आदिकारण असून तो मनुष्याच्या इच्छेला इच्छा म्हणूनच, म्हणजे मोकळी अशीच, प्रवृत्त करतो.

धर्मसुधारणेच्या काळात, १५२४ मध्ये इरॅस्मसने मुक्त इच्छेची बाजू मांडली आणि पुढच्याच वर्षी ल्यूथरने बद्ध इच्छेवर ग्रंथ लिहून तिला उत्तर दिले. कॅल्व्हिनने तारणासाठी व नाशासाठी अशी दुहेरी नेमणूक सांगितली, आणि त्यामुळे आपल्याकडे त्याचे नाव दैववादाशी जोडले जाते. पण त्याच्या 'इन्स्टिट्यूट्स'च्या १५५९ च्या अंतिम आवृत्तीत हा विषय देवाच्या स्वरूपाच्या विवेचनात नसून तिसऱ्या भागात, कृपा कशी लाभते या विवेचनात आहे. स्टोइकांच्या दैवाशी आपल्या सिद्धान्ताची तुलना तो स्पष्टपणे नाकारतो. कॅथलिक पक्षाने १५४७ मध्ये ट्रेंट येथे, देवाने जागी केलेली इच्छा त्याला होकार देऊ शकते आणि नकारही देऊ शकते, असे ठरविले. तरीही कृपा आणि इच्छा यांचा मेळ नेमका कसा, यावर येशूसंघीय मोलिना आणि डॉमिनिकन पंडित यांच्यात असा काही वाद पेटला की १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने निर्णय न देताच तो बंद केला व परस्परांना पाखंडी म्हणण्यास उभय पक्षांना मनाई केली. धर्मपीठाने 'ठरवीत नाही' असे ठरविण्याचे हे उदाहरण मोठे बोलके आहे.

या घटनेनंतर नऊ वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. स्टीफन्स येशूसंघीय होते आणि १५७९ पासून गोव्यात होते. युरोपातील त्या वादाचा त्यांच्या काव्यावर परिणाम झाला, असे माझे म्हणणे नाही. लक्षात घ्यावयाचे ते ग्रंथाच्या रचनेचे : पहिल्या पुराणात सृष्टीपासूनची जुन्या करारातील कथा व येणाऱ्या तारकाचे आश्वासन, दुसऱ्या पुराणात त्या तारकाचे चरित्र. म्हणजे आधी 'लिहिलेले' आणि मग 'घडलेले'. पुराण हा प्रकार मराठी श्रोत्याच्या परिचयाचा होता, आणि पुराणात भविष्य पुढे सरकते ते शाप, वर व आकाशवाणी यांच्या बळावर. हेरोदाने बेथलेहेमातील बालके मारविल्याची कथा ऐकताना त्या श्रोत्याला कंस आठवणे अपरिहार्य होते. दोघेही भविष्य ऐकून घाबरतात आणि दोघेही बालहत्या करतात. भेद असा, की कंसाने काहीही केले तरी तो आकाशवाणीच्या कक्षेतच राहतो. हेरोदाला मात्र, मागी लोकांप्रमाणे, बाळाला वंदन करण्यास जाण्याची वाट उघडी होती, आणि तसे करण्याचे त्याने तोंडाने कबूलही केले होते. ख्रिस्तपुराण वाचताना पुराणाचे रूप आणि वचनाचा आशय यांतील हा ताण हेरण्यास विद्यार्थ्याला शिकविले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकातील चित्र वेगळे आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी आणि त्यांच्यामागून आलेले स्कॉटिश मिशनरी हे दोन्ही कॅल्व्हिनच्या परंपरेतील. हिंदू समाज दैवावर हवाला ठेवून बसतो, अशी टीका त्या काळच्या मिशनरी लेखनात आढळते; आणि ती करणाऱ्यांच्या स्वतःच्या मंडळीचे मत असे, की जे जे घडते ते देवाने अनादिकाळी ठरविले आहे! अर्थात त्याच मताच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात लगोलग अशी पुस्ती आहे की यामुळे प्राण्यांच्या इच्छेवर बळजबरी होत नाही. पण ही पुस्ती वादाच्या धामधुमीत श्रोत्यांपर्यंत कितपत पोचली असेल, अशी शंका येते.

या वादाची उत्कट मराठी नोंद नीलकंठशास्त्री गोरे यांच्या चरित्रात आहे. काशीत वाढलेल्या या महाराष्ट्रीय पंडिताने १८४४-४५ मध्ये, जॉन म्यूरच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथाचे खंडन करण्यासाठी, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. त्यातील एक मुख्य आक्षेप असा : पूर्वकर्म मानले नाही, तर कोणी सुखात व कोणी दुःखात जन्मतो याचा दोष थेट ईश्वरावर येतो. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात तेच गोरे कर्माच्या अनादी परंपरेवर आक्षेप घेताना दिसतात. एकाच मनुष्याने हा प्रश्न दोन्ही तीरांवरून इतक्या गांभीर्याने विचारल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे विरळा. पहिल्या ग्रंथातील आक्षेप दुसऱ्याने निकालात निघाला, असे मला वाटत नाही. जन्मतःच्या विषमतेला ख्रिस्ती विचारात हिशेबाचे उत्तर नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध कोणाच्या पापाने असा झाला असे शिष्य विचारतात, तेव्हा येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्याला बरे करावयास लागतो. ज्याला हिशेबच हवा आहे त्याचे समाधान येथे होणार नाही.

नारायण वामन टिळकांच्या बाबतीत हाच प्रश्न चरित्राच्या अंगाने येतो. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि त्याचा अभ्यास केल्यास दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही कथा आपल्याकडे 'योग होता' अशा स्वरात सांगितली जाते. पण त्या भाकिताला अट होती, आणि ती अट टिळकांनी पुरी केली. मधल्या काळातील वाचन, पत्रव्यवहार आणि घालमेल वगळली, तर उरते ते केवळ विधिलिखित.

लक्ष्मीबाईंची स्थिती याहून अवघड. पतीचे धर्मांतर त्यांनी निवडलेले नव्हते. ते त्यांच्यावर कोसळले, आणि 'दैव' हा शब्द कोणा मराठी स्त्रीच्या तोंडी न्याय्य ठरावा अशी ती वेळ होती. असे असता 'स्मृतिचित्रे' दैवाचे रडगाणे झाले नाही. ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या त्या धर्म न बदलता. सोवळे-ओवळे त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून टाकले नाही. जातिभेद देवाचे की माणसाचे, याचा स्वतःशी विचार करून टाकले. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतःचा बाप्तिस्मा घेतला. ही पाच वर्षे 'स्मृतिचित्रे'त ज्या सावकाशीने आली आहेत, ती सावकाशी पाठ्यपुस्तकांतील वेच्यांत सापडत नाही. त्यासाठी मूळ ग्रंथच वर्गात लावावा लागतो.